समुद्रसपाटी कुठे असते?

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: समुद्रसपाटीपासून इतके मीटर. बालाघाटच्या फलाटावर गाडीची वाट बघत मी ती ओळ किती वेळा वाचली असेल, कोण जाणे. समुद्र पाहिलेला नव्हता. पण तो कुठंतरी ताटासारखा सपाट पसरलेला असणार आणि आपण त्याच्यापेक्षा जवळपास तीनशे मीटर उंचावर राहतो, याबद्दल मनात शंका नव्हती.

आमचं भरवेली बालाघाटच्या शेजारचं, मॅंगनीजच्या खाणीवर जगणारं गाव. मॉइल कंपनीची इथली भूमिगत खाण आशियातल्या सर्वांत खोल मॅंगनीज खाणींत धरली जाते. ती जमिनीपासून चारशे मीटरहून खाली गेली आहे. आता हिशेब करा. गाव समुद्रसपाटीच्या तीनेकशे मीटर वर, खाण चारशे मीटर खाली. म्हणजे पाळीवर निघालेला कामगार उतरता उतरता समुद्रसपाटी ओलांडून तिच्याखाली जातो. वाटेत कुठं तशी पाटी नाही. खाली पाणी असतं, पण ते खडकातून झिरपलेलं, पंपानं उपसायचं. त्या पाण्याची पातळी पावसावर आणि पंपावर चालते. चंद्र कुठे आहे याची चौकशी करण्याचं कारण तिथे कुणाला पडत नाही.

ही सपाटी नेमकी असते कुठे, हा प्रश्न मला पडला तो पुढे पुष्कळ वर्षांनी, पेणच्या बाजूला एका खाजणाच्या, म्हणजे भरतीला बुडणाऱ्या खाऱ्या दलदलीच्या, काठावर. पौर्णिमा होऊन एक दिवस गेला होता. सकाळी सात वाजता समोर नुसता चिखल होता, त्यातून वळणं घेत गेलेली एक अरुंद खाडी, तिच्या तळाशी घोटाभर पाणी आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. दुपारी एकच्या सुमारास त्याच जागी पाणीच पाणी. तिवराची झुडपं गळ्यापर्यंत बुडालेली, फक्त शेंडे वर. संध्याकाळी परत चिखल. मी मनात विचारलं, यातली सपाटी कोणती?

उत्तर असं की, यातली कोणतीच नाही. समुद्रसपाटी ही सरासरी आहे. बंदरात भरती-ओहोटीची नोंद घेणारं यंत्र ठेवायचं, वर्षानुवर्षं पाण्याची उंची टिपायची आणि तिची सरासरी काढायची. चंद्राच्या कक्षेचा एक फेरा 18.6 वर्षांचा असतो, म्हणून चांगली सरासरी हवी तर एकोणीसेक वर्षांच्या नोंदी लागतात. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत. देशातल्या उंचीच्या मोजणीचं जाळं 1909 मध्ये पक्कं झालं, ते नऊ बंदरांवरच्या सरासरी पातळ्यांना बांधून. मुंबई आणि कारवार त्यांत होते. बालाघाटच्या फलकावरचा आकडा असल्याच सरासरीपासून मोजलेला. पाणी त्या रेषेवर दिवसातून चार वेळा येतं खरं, पण थांबत नाही. चढताना ओलांडतं, उतरताना ओलांडतं. खाजणात ज्या उंचीवर सगळं घडतं ती तर या सरासरीच्या बरीच वर आहे.

आकडे घेऊन बघू. अपोलो बंदरावर नौकानयनाच्या नकाशाचं एक शून्य ठरवलेलं आहे. ओहोटीचं पाणी सहसा त्याच्या खाली जात नाही. तिथून मोजलं तर सरासरी समुद्रपातळी येते 2.51 मीटरवर. उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची भरती सरासरी 4.42 मीटरपर्यंत चढते आणि त्याच दिवसांतली ओहोटी 0.76 पर्यंत उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, भरती 3.30 पर्यंतच येते आणि ओहोटी 1.86 वर थांबते. उधाणात पाणी साडेतीन मीटरहून जास्त खालीवर होतं, भांगात जेमतेम दीड मीटर. (वर्तमानपत्रं दर पावसाळ्यात ‘आज साडेचार मीटर उंच लाटा उसळणार’ अशी बातमी देतात ती इथूनच. तो आकडा लाटेचा नाही, शून्यापासून मोजलेल्या भरतीचा आहे. समुद्र त्या दिवशी तळ्यासारखा शांत असला तरी आकडा तोच. ही चूक इतक्या वर्षांत कुणी दुरुस्त करत नाही याचं मला नवल वाटतं.)

आता 3.30 आणि 4.42 या दोन आकड्यांकडे पाहा. फरक 112 सेंटिमीटर. माणसाच्या कमरेपेक्षा थोडं वर. खाजणाचा बहुतेक संसार एवढ्या पट्ट्यात मांडलेला असतो. जी जमीन 3.20 मीटरवर आहे तिच्यावर जवळजवळ प्रत्येक भरतीचं पाणी येतं. वर्षाला भरत्या किती? दोन भरत्यांमध्ये 12 तास 25 मिनिटं धरली तर सुमारे 705. आमच्या वैनगंगेला पावसाळ्यात चार-दोन पूर येतात आणि गावं त्यांची आठवण वर्षभर काढतात. इथे वर्षाला सातशे पूर. पण जमीन फक्त ऐंशी सेंटिमीटर उंच असेल, 4 मीटरवर, तर तिला पाणी भेटतं ते पंधरवड्यातून काही दिवस, उधाणात. मधला आठवडाभर ती कोरडी पडते, उन्हात तापते, भेगाळते. आणि 4.70 मीटरवरच्या जमिनीला समुद्र वर्षातून मोजक्या वेळा तोंड दाखवतो. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या पट्ट्यातल्या, माणसांना हे शिकवावं लागत नाही. पाणी कुठवर येतं यापेक्षा ते कधी येतं आणि किती वेळ थांबतं, हे विचारायची तिथे रीत आहे.

कधी येतं, याचं गणित कोकणात तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावास्या किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. होणारच. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर दर तिथीला 12 अंशांनी वाढतं आणि 12 अंश म्हणजे घड्याळाची 48 मिनिटं. तोंडपाठ हिशेबात ती 45 आहेत. पण 45 चा पाढा होडीत उभं राहून म्हणता येतो, 48 चा येत नाही. शिवाय दर पंधरा तिथींनी हिशेब नव्यानं सुरू होतो, त्यामुळे चूक साठत जात नाही. पंचांग ठेवणाऱ्या माणसाला भरतीचं कोष्टक वेगळं विकत घ्यावं लागत नाही, हा केवढा फायदा! इंग्रजी तारखेवरून ही वेळ कधीच काढता येणार नाही.

आणखी दोन बारकावे आहेत. सर्वांत मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेच्याच दिवशी येत नाही, एक-दोन दिवस मागून येतं. एवढं मोठं पाणी ताणाला लगेच उत्तर देत नाही. दुसरा असा की, दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. म्हणून मुंबई महापालिकेच्या पावसाळी यादीतली मोठी उधाणं दुपारी बारा ते दोनच्या आसपास सापडतात आणि डिसेंबरातली मध्यरात्री. डिसेंबरातही पाणी तेवढंच चढतं. आपण झोपलेले असतो.

हे झालं समुद्राचं. खाजणाची गोष्ट वेगळी आहे, कारण खाजण समुद्राची नक्कल करत नाही. उघड्या समुद्रावरची भरती-ओहोटी कागदावर काढली तर मऊ लाटेसारखी रेघ येते, चढ आणि उतार जवळजवळ सारखे. तीच रेघ खाडीच्या आत, खाजणातल्या एखाद्या फाट्यात मोजा. पहिली गोष्ट, ती उशिरा सुरू होते. भरतीची लाट खाडीच्या मुखातून आत शिरते, तळाला आणि काठांना घासत पुढे सरकते; आतल्या गावाची भरती बंदराच्या भरतीनंतर होते. दुसरी गोष्ट, रेघेचा खालचा भाग कापला गेलेला असतो. बाहेर समुद्र 0.76 पर्यंत उतरला तरी फाट्याचा तळच 2 मीटरवर असेल तर तिथलं पाणी 2 च्या खाली जाणार कसं? बाहेर ओहोटी चालूच असते, इथे मात्र तळाशी ओघळ उरतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. खाजणाला ओहोटीची खोली कळतच नाही, फक्त तिची लांबी कळते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. भरतीचं पाणी फाट्यात चढत असतं तोवर ते काठांच्या आत असतं, अरुंद जागेत. चढता चढता ते काठाच्या वर येतं आणि एकदम एकरच्या एकर जमीन त्याच्यापुढे मोकळी होते. आता बाहेरची पातळी वितभर वाढायची तर आत त्या सगळ्या मैदानावर वितभर पाणी पसरावं लागतं. एवढं पाणी त्याच अरुंद फाट्यांतून आत यायचं असतं. म्हणून नेमका काठ बुडण्याच्या वेळेस फाट्यातली ओढ सर्वांत जोरदार होते. उतरताना असंच उलटं: मैदानावरचं पाणी काठाखाली जाऊ लागलं की फाटे भरभरून वाहतात. खाजणातले वळणावळणाचे फाटे कोरले जातात ते या ओढीनं. भांगात पाणी काठावर येतच नाही, त्यामुळे ते आलं काय नि गेलं काय, फाट्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. खाजण घडतं ते उधाणात, महिन्यातले काही तास.

मैदानावर पसरलेल्या पाण्याला काड्या, खोडं आणि तिवराची वर आलेली श्वासमुळं अडवतात. ते मंदावतं, भरती-ओहोटीच्या सांध्यावर थोडा वेळ निश्चल होतं, आणि त्यातला गाळ खाली बसतो. पातळसा थर, बोटाला जेमतेम लागेल एवढा. जी जमीन खोल आहे तिच्यावर पाणी जास्त वेळा येतं, म्हणून तिच्यावर गाळ जास्त बसतो आणि ती उंच होत जाते. उंच झाली की पाणी कमी वेळा येतं, गाळ कमी होतो आणि चढ मंदावतो. कुणी ठरवून न देता खाजण भरतीच्या उंचीशी स्वतःला जुळवून घेतं. समुद्र सावकाश चढला तर तेही त्याच्या मागे चढू शकतं. अट एवढीच की गाळ येत राहिला पाहिजे आणि चढ फार वेगानं होता कामा नये. मुंबईच्या जुन्या नोंदींत समुद्राची पातळी वर्षाला साधारण मिलिमीटरभर वाढलेली दिसते. जगभराची अलीकडच्या तीन दशकांची सरासरी मात्र तीन मिलिमीटरच्या वर गेली आहे.

वर दिसणाऱ्या पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते मातीतलं, न दिसणारं पाणी. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, म्हणजे जमीन निचरली असं वाटतं. पायानं खड्डा करून पाहा. फाट्याच्या अगदी काठाशी, काही पावलांच्या पट्ट्यात, मातीतलं पाणी ओहोटीबरोबर खाली उतरतं आणि भरतीबरोबर चढतं. तिथून थोडं आत गेलात की बारा तासांच्या या खालीवर होण्याचा मागमूसही उरत नाही. खाडीकाठची चिकणमाती पाणी इतकं सावकाश सोडते की निचरा होण्याआधी पुढची भरती येऊन ठेपते. आतली माती कायम तुडुंब, हवेवाचून घुसमटलेली. तिला कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्यामुळे. काठाच्या पट्ट्यात खेकडे बिळं करतात आणि त्या बिळांतून पाणी नि हवा दोन्ही आत जातात, म्हणून काठाची झाडं आतल्या झाडांपेक्षा तरारलेली असतात. खाजणात एकाच जातीचं तिवर फाट्याच्या कडेला उंच आणि आत खुजं दिसलं, तर आधी मातीतल्या पाण्याकडे बोट दाखवावं.

मग मीठ. रोज बुडणाऱ्या जमिनीचा खारेपणा समुद्राच्या पाण्याएवढाच राहतो, कारण रोज ती धुतली जाते. सर्वांत खारी जमीन असते ती अधूनमधून बुडणारी. उधाणाचं पाणी येतं, खळग्यात साचतं, पुढच्या आठवड्याच्या उन्हात उडून जातं आणि मीठ ठेवून जातं. पंधरवड्यानं परत तेच. मार्च-एप्रिलमध्ये अशा पट्ट्यांवर पांढरी साय धरलेली दिसते आणि तिथे मोरसासारखी मांसल पानांची, मीठ पचवणारी झुडपंच तग धरतात. इंग्लंड-अमेरिकेच्या थंड किनाऱ्यांवर खाऱ्या दलदली गवताच्या असतात, मैलोगणती हिरवं गवत. आपल्याकडे खालचा, रोज बुडणारा पट्टा तिवर, कांदळ, चिपी यांनी घेतलेला असतो आणि मोरस, खारं गवत यांना मागची, उंचावरची जागा मिळते. जून लागला की हा सगळा हिशेब उलटतो. कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस वरच्या थरातलं मीठ धुऊन काढतो, आणि मार्चमध्ये पांढरी पडलेली तीच जमीन जुलैत भात पिकवू शकते. बाहेरचं पाणी अडवता आलं तर.

ते अडवायची युक्ती जुनी आहे. गोव्यात या अडवलेल्या जमिनींना खाजनच म्हणतात, आणि हा शब्द साधारण सहाव्या शतकातल्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खज्जन या रूपात भेटतो. मातीचा, पेंढ्याचा, चिऱ्याचा बांध घालायचा आणि बांधात दार ठेवायचं. गोव्यात त्या दाराला मानस म्हणतात, रायगडात उघाडी. लाकडी झडप वरच्या बाजूला टांगलेली, बाहेरच्या दिशेनंच उघडणारी. भरतीचं पाणी चढलं की तेच झडपेला ढकलून बंद करतं. बाहेरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा खाली उतरलं की आतलं पाणी झडप लोटून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. चंद्रच दारवान. गोव्यात या मानशीपाशी मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो आणि आत कोरगुटसारखं मीठ सोसणारं भात लावतात. आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं याच कामासाठी भाताच्या पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या जाती काढल्या.

या झडपेचं एक वागणं मला आधी कोड्यासारखं वाटलं होतं. उधाण म्हणजे धोका, भांग म्हणजे विसावा, अशी माझी समजूत. पण भर पावसात शेतात पाणी तुंबलं असेल तर शेतकरी उधाणाची वाट बघतो! वरचे आकडे परत पाहा. भांगात बाहेरची ओहोटी 1.86 मीटरवर थांबते. आतल्या पाण्यात आणि बाहेरच्यात फरकच थोडा, झडप अर्धवट उघडते, निचरा रेंगाळतो. उधाणात ओहोटी एक मीटरहून जास्त खोल जाते, आतलं पाणी धो धो बाहेर पडतं. बांध फोडू पाहणारं उधाणच शेत रिकामं करून देतं. अट एकच, बांध टिकला पाहिजे. त्याला खांड पडली तर पाणी एकदा येऊन जात नाही, दर भरतीला येतं, खांड रुंदावत जाते, आणि एका रात्रीच्या दुर्लक्षाचं मीठ धुवायला दोन-तीन पावसाळे जातात.

बांधामागची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाहेरच्या खाजणावर गाळ बसत राहतो, आतल्या शेतावर बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गेल्या की बाहेर उंच आणि आत खोल अशी गंमत होते. बांध जितका यशस्वी तितका तो मोडणं महाग. पूर्वी ही बांधबंदिस्ती गावकीनं व्हायची. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई प्रांतानं 1948 मध्ये खारभूमीचा कायदा केला, पुढे 1979 मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास अधिनियम आला आणि मोठे बांध सरकारी झाले. पण जमीन कुणाची आणि चिखलात उतरणारे हात कुणाचे, हा प्रश्न त्याहून जुना आहे. अलिबागच्या याच खारेपाटात नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: खारभूमी सहा वर्षं सोडून देणं म्हणजे काय, हे त्या शेतकऱ्यांइतकं कुणाला ठाऊक असणार?

मिठागरवाल्यांचं गणित याच्या नेमकं उलट. त्यांना उधाणाचं पाणी आत हवं असतं. त्यांची जमीन 4 मीटरच्या आसपासच्या, अधूनमधून बुडणाऱ्या पट्ट्यात. उधाणात पाणी साठवणीच्या तळ्यात घ्यायचं, वाट बंद करायची, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवत उन्हाला आटवू द्यायचं. खाजणाच्या खळग्यात जे आपोआप होतं तेच इथे फावड्यानं, मापात. मुलुंड, भांडुप, उरण, पालघर, खाली शिरोडा. 1930 च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथे ही जमीन आणि ही भरती होती म्हणून. आज मुंबईतली बरीच मिठागरं इमारतींसाठी मोकळी जागा म्हणून मोजली जातात. खार, खारदांडा, खारघर, खारपाडा ही नावं मात्र पत्त्यांत टिकली आहेत.

आणि पाणी पत्ता विसरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती होती. मिठी नदीला उतरायला जागा नव्हती, गटारांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली होती. खाजण असतं तर पाऊस थांबला नसता. पण भरतीच्या त्या तीन-चार तासांपुरतं पाणी पसरून ठेवायला लागते ती जागा तीच, काठावरून पाणी पलीकडे जाताच एकरांनी मोकळी होणारी. ती भरावानं वर उचलली की पाणी शेजारच्या घरात पसरतं. यात गूढ काही नाही. तळमजल्यावर राहणाऱ्याला विचारा.

भरवेलीचं या सगळ्याशी नातं काय, असं कुणी विचारेल. एक नातं नदीचं आहे. गावात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी वैनगंगेला मिळतो. वैनगंगा गोंदिया, भंडारा, गडचिरोली करत वर्धेला भेटते, दोघी मिळून प्राणहिता होतात, सिरोंच्याजवळ गोदावरीत जातात, आणि राजमहेंद्रीच्या पुढे गोदावरीचे फाटे फुटून त्यातलं काही पाणी काकिनाड्याजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनात पोचतं. तिथे भरती दीड मीटरच्या आसपास, मुंबईच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे खाजणाचा सगळा संसार आणखी अरुंद पट्ट्यात मांडलेला. उलट खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरवर जातो. पण समुद्रापर्यंत पोचेपर्यंत आमच्या पाण्याला चंद्र भेटतच नाही, असं नाही. चंद्र नुसतं पाणीच ओढत नाही, खडकालाही ओढतो. भरवेलीची जमीन, खाणीसकट, दिवसातून दोनदा वीत-दीड वीत वर उचलली जाते आणि खाली बसते. सभोवतालचं सगळंच बरोबर हलतं, म्हणून जाणवत नाही. खोल, बंदिस्त विहिरींतलं पाणी या ताणानं काही सेंटिमीटर खालीवर होतं, आणि जगात कितीतरी ठिकाणी यंत्रांनी ते टिपलं आहे.

विताविताचा हा खेळ डोळ्यांनी बघायचा असेल तर पंचांग काढा आणि पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस निवडा. पेण, अलिबाग, उरण किंवा ठाणे खाडी, जवळ पडेल ते. सकाळी सातच्या आत पोचा. बांधावरून न उतरता, फाट्याच्या कडेला वीत-वीत खुणा केलेली एक काठी रोवायला तिथल्याच कुणाला तरी सांगा; चिखल त्यांना ओळखतो, तुम्हाला ओळखत नाही. मग दर अर्ध्या तासानं वहीत आकडा लिहा. पहिले दोन तास जवळजवळ काहीच होणार नाही. काठ बुडायची वेळ येईल तेव्हा फाट्यात एक पान टाका आणि ते किती वेगानं जातं ते बघा. दुपारच्या भाकरीला कोरडी जागा आधीच हेरून ठेवा, आणि अंधार पडायच्या आत काठी काढून घ्या. रात्रीच्या भरतीत ती वाहून जाते.